बाळाचं चिलखत

आमच्या गावी उन्हाळ्यात लाईट कधी येईल ते कोणी सांगू शकत नसे, आणि दीपनगरला ती जाऊ शकते हे कोणाच्या मनातही येत नसे. काका तिथल्या वीज केंद्रात नोकरीला होते. भुसावळहून निघालेल्या एसटीच्या खिडकीतून आधी उंच चिमण्या दिसायच्या, मग एकसारख्या क्वार्टर्सच्या रांगा. आमचं गाव चोपडा तालुक्यातलं, केळी-कापसाचं. तिथे भाऊ, म्हणजे माझे वडील, लाईट आली की जेवणाच्या ताटावरून उठून मोटार चालू करायला मळ्यात पळायचे. काकांकडे मात्र दिवसभर कूलर चालायचा. आणि नव्वदनंतरच्या एका उन्हाळ्यात त्यांच्या पुढच्या खोलीत, काकूंनी विणलेल्या रुमालाखाली, एक कॉम्प्युटर आला होता.

कुठल्याशा ऑफिसने काढून टाकलेला, हिरव्या अक्षरांचा. काकांना त्यावर काहीतरी शिकायचं होतं. ते काही फारसं झालं नाही. त्यांच्या सहकाऱ्यांकडून कॉपी होत होत आलेल्या फ्लॉप्या मात्र साठत गेल्या, आणि त्या फ्लॉप्यांमध्ये खेळ होते. विमानातून गोळ्या झाडायचे, भिंतीवरून उड्या मारायचे, काठीने मारामारी करायचे. ते खेळ माझी चुलतबहीण माझ्यापेक्षा चांगले खेळायची. ती काकांची मोठी मुलगी, माझ्याहून काही महिन्यांनी लहान, म्हणून मला दादा म्हणायची. तरीही खुर्चीत मीच बसायचो. घर तिचं, कॉम्प्युटर तिच्या वडिलांचा, आणि मी पाहुणा. पण मी मुलगा होतो आणि दादा होतो. खुर्ची कोणाची याचा आम्ही दोघांनीही कधी विचार केला नाही. निदान मी तरी केला नाही.

ज्या सुट्टीबद्दल सांगतोय ती आबांच्या ऑपरेशनची सुट्टी. आबा म्हणजे आमचे आजोबा. त्यांच्या पित्ताशयात खडे झाले होते आणि मे महिन्यात जळगावच्या एका दवाखान्यात पोट फाडून ते काढायचे ठरले होते. आक्का (आमची आजी), आई, भाऊ आणि काका असे सगळे जळगावला. माझा धाकटा भाऊ मामाकडे. मला दीपनगरला काकूंकडे ठेवलं होतं. काकूंना त्याच वर्षी मुलगा झाला होता, त्यामुळे त्या जाऊ शकत नव्हत्या. ते बाळ पुढच्या खोलीतच झोळीत असायचं. एक पाय झोळीच्या दोरीला लावून झोका द्यायचा आणि हातांनी कॉम्प्युटर चालवायचा, असं आमचं काम चालायचं. बाळाचे केस अजून काढलेले नव्हते.

त्या सुट्टीत एक वेगळाच खेळ आला. त्यात उड्या नव्हत्या, गोळ्या नव्हत्या. आधी सहा माणसं तयार करायची. प्रत्येकाला नाव द्यायचं, धंदा द्यायचा, म्हणजे लढणारा, जादू करणारा, कुलपं उघडणारा, जखमा बऱ्या करणारा पुजारी. दुकानातून त्यांना हत्यारं आणि चिलखतं घ्यायची. मग सगळ्यांना एका भुयारात न्यायचं. पडद्यावर फक्त रेषांनी काढलेली बोळकांडी दिसायची, आणि खाली इंग्रजीत वाक्यं उमटायची. खजिना सापडला, राक्षस आला, जखम झाली, जे काही व्हायचं ते वाक्यांतच व्हायचं. माझं शिक्षण गावच्या मराठी शाळेत. ती वसाहतीतल्या इंग्रजी शाळेत जायची. वाक्यं ती वाचायची, बटणं मी दाबायचो.

माणसांना नावं द्यायची वेळ आली तेव्हा मला जराही विचार करावा लागला नाही. सहा जागा होत्या, आणि आमच्या घरात सहा नावं होती.

हे समजायला आमच्याकडची कानबाई माहीत पाहिजे. श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी, खानदेशात घरोघर कानबाई बसते. तिच्यासाठी रोट, म्हणजे प्रसादाच्या जाड पोळ्या, करतात, आणि त्या रोटांचा गहू घरातल्या पुरुषांच्या नावाने मोजतात. आमच्या घरी आबा एकेक नाव घ्यायचे आणि आक्का त्या नावाची मूठ सुपात टाकायची. नुकत्याच जन्मलेल्या पोराचीसुद्धा मूठ पडते. मुलींची पडत नाही, बायकांची पडत नाही. दळणं, भाजणं, गाणी म्हणणं, सकाळी देवी डोक्यावर घेऊन नदीला जाणं हे सगळं बायकांचं, मूठ पुरुषांची. लहानपणापासून मी आबांच्या तोंडून ती नावं एकाच क्रमाने ऐकली होती. तोच क्रम मी इंग्रजी अक्षरांत टाईप केला. आबा. भाऊ. काका. मी. धाकटा. आणि सहावं, त्या वर्षी नव्याने आलेलं, झोळीतलं बाळ.

आबांना मोठे म्हणून सगळ्यात पुढे उभं केलं, लढणारा केलं, सगळ्यात महाग तलवार दिली. बाळाला कुऱ्हाड आणि लोखंडी चिलखत.

"दादा, बाळाला अजून पालथं पडता येत नाही," ती म्हणाली. "त्याला चिलखत?"

"वाढेल की."

"ह्यात एक पुजारी लागतो. इथे लिहिलंय. जखमा त्यालाच बऱ्या करता येतात."

"आपल्या घरात पूजा कोण करतं? आक्का. मग कोणाला करू पुजारी, भाऊंना?"

यावर आम्ही दोघंही हसलो. भाऊंनी कधी उदबत्ती लावलेली कोणी पाहिली नव्हती.

"मग आक्काला घे ना."

"आक्काची मूठ नसते."

"आणि माझी?"

"तुझी कशी असेल? तुझीपण नसते."

मी हे चिडून बोललो नाही. दोन आणि दोन चार म्हणावं तसं बोललो. म्हणूनच ते वाक्य मला पुढे जास्त टोचत राहिलं असावं. चिडून बोललेलं माणूस विसरतो. मी पडद्याकडे बघत होतो. ती काय करत होती ते मला दिसलं नाही. थोड्या वेळाने मागे पाहिलं तर तिने जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून त्यावर पेन्सिलीने ठिपके काढायला घेतले होते, ओळीत ओळ, रांगोळीला काढतात तसे.

"हे कशाला?"

"भुयारात हरवशील. ठिपके जोडत गेलं की रस्ता राहतो."

आणि खरंच, तिच्या त्या रांगोळीशिवाय आम्ही पहिल्या मजल्यावरच फिरत बसलो असतो. एक पाऊल म्हणजे एक ठिपका. भिंत असेल तिथे रेघ, दार असेल तिथे मोकळं. जिने असतील तिथे ती तुळशीवृंदावन काढायची. मी बटणं दाबत ओरडायचो, "डावीकडे भिंत! पुढे दार!" आणि मागे पेन्सिल चालायची. काही दिवसांत आमची सहा माणसं बऱ्यापैकी दांडगी झाली. पुजारी नसल्यामुळे जखमी झालं की वर येऊन गावातल्या धर्मशाळेत पडून राहावं लागे. हा शब्द आमचा, पडद्यावर काही वेगळंच लिहिलेलं असायचं. आबा बरेच दिवस धर्मशाळेत असायचे, कारण पुढे उभं राहून सगळा मार तेच खायचे.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी शेजारच्या क्वार्टरमध्ये काकांचा फोन आला. आबांना दुपारी टेबलावर घेणार होते. काकूंनी देवापुढे दिवा लावला आणि आम्हाला सांगितलं, आज दंगा नको. दंगा नको म्हणजे कॉम्प्युटरही नको, एवढं मला कळत होतं. पण काकू बाळाला घेऊन आतल्या खोलीत आडव्या झाल्या, कूलरचा आवाज होताच, आणि आम्ही हळूच रुमाल काढला. खोटं कशाला सांगू, रुमाल मीच काढला.

त्या दिवशी आम्ही तिसऱ्या मजल्यावर उतरलो. एका दाराशी आल्यावर पडद्यावर बरीच वाक्यं आली. एरवी ती लगेच वाचून सांगायची.

"काय लिहिलंय?"

"काही नाही. असंच."

"जाऊ का आत?"

"जा ना. मला काय विचारतोस? मूठ तुझी आहे."

मी दार उघडलं. आत काय होतं ते मला आजही नीट सांगता येणार नाही. वाक्यांवर वाक्यं येत गेली, इतक्या वेगाने की मला फक्त नावं वाचता आली. आबा. आबा. आबा. भाऊ. मी बटणं बडवत राहिलो. मागे पेन्सिलीचा आवाज थांबला होता. मग पडदा कोरा झाला, आणि त्यावर रेषांनी काढलेली सहा थडगी उमटली. पहिल्यावर आबांचं नाव होतं.

वसाहतीतल्या एका पोराने मला एक युक्ती सांगितली होती. खेळात मेलं की लगेच भिंतीवरचं बटण बंद करायचं, म्हणजे कॉम्प्युटरला ते लक्षात राहत नाही. माझा हात बटणापर्यंत गेलाही. पण तोवर फ्लॉपीच्या खणातला तांबडा दिवा लागला होता आणि आतून कर्र-कर्र आवाज येत होता. लिहून झालं होतं.

संध्याकाळपर्यंत फोनबद्दल कोणी काही बोललं नाही. काकूंनी नुसती खिचडी टाकली. त्या गप्प होत्या. आता वाटतं, बाळाने दिवसभर छळलं असेल. तेव्हा मला त्या गप्प बसण्यात सगळं दिसलं. विचारायची माझी हिंमत झाली नाही. विचारलं नाही तोवर आबा जिवंत होते, असा माझा हिशोब होता. मी चांगला मोठा, मिसरूड फुटायला आलेला मुलगा होतो. भुताखेतांवर हसायचो. पण कानबाईला ज्याच्या नावाची मूठ पडते तो घरात आहे, हे मला जितकं खरं होतं, तितकंच त्या दगडावरचं नावही खरं वाटलं. नाव मी दिलं होतं. पुढे मीच उभं केलं होतं. ज्या दुपारी त्यांना टेबलावर घेतलं, त्याच दुपारी, नको म्हटलेलं असताना, मी दार उघडलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू आणि शेजारणींनी गच्चीवर बिबडे घातले. ज्वारीचे पापड ते. कावळे येऊ नयेत म्हणून आम्हाला राखणीला बसवलं. तिथे, जुन्या साड्यांवर वाळत घातलेल्या त्या पांढऱ्या चकत्यांच्या शेजारी, मी तिला सांगितलं. आबा गेले असणार आणि ते माझ्यामुळे. सांगता सांगता मी रडलो. मला वाटलं ती हसेल. ती इंग्रजी शाळेतली, वसाहतीत वाढलेली.

ती हसली नाही. तिचा चेहरा उतरला. ती वीज केंद्राच्या चिमण्यांकडे बघत बसली, आणि मग एकदम उठली.

"आणता येतं वर," ती म्हणाली.

"कोणाला?"

"आबांना. सगळे जिथे मेले तिथेच पडून असतात. मी वाचलंय. दुसरी माणसं पाठवायची, त्यांनी उचलून आणायचं. गावात देऊळ आहे, तिथे जिवंत करतात."

"दुसरी माणसं कुठली? आपल्याकडे एवढेच होते."

तिने एकदा माझ्याकडे रोखून पाहिलं आणि जिना उतरू लागली.

त्या दिवशी खुर्चीत ती बसली. मी झोळीची दोरी धरली. तिने चार नवी माणसं तयार केली. आक्का, आई, तिची मम्मी, आणि ती स्वतः. आक्काला पुजारी केलं. दोन जागा मुद्दाम रिकाम्या ठेवल्या, कारण प्रेतालाही एक जागा लागते. नवीन माणसांकडे तलवारी घ्यायला काही नव्हतं. काठ्या आणि कातडी अंगरखे. अशा अवस्थेत तिसऱ्या मजल्यावर जायचं म्हणजे मरायलाच जायचं, असं मला वाटलं आणि मी तसं म्हणालो.

"लढायचंच नाही," ती म्हणाली. "पळायचं."

मी जे कधीच केलं नव्हतं ते ती प्रत्येक वेळी करत होती. राक्षस आला की पळ. दोन उंदीर आले तरी पळ. माझे आबा, माझे भाऊ कधी पळाले नसते, ती गोष्ट मला शोभली नसती. तिच्या बायका पळायला लाजत नव्हत्या. मांडीवर कॅलेंडरचं पान, ठिपक्या-ठिपक्याने ती खाली गेली. कोणाला लागलं की आक्का मंत्र म्हणायची आणि जखम भरायची. काकूंनी आतून विचारलं, "काय चाललंय गं?" ती म्हणाली, "काही नाही मम्मी, आबांना आणायला चाललोय." काकूंना ते कूलरमुळे ऐकू गेलं नसावं.

ते दार आलं. दाराच्या आत सहाही जण पडलेले. आतले राक्षस कुठे गेले होते कोण जाणे. तिने विचार करायला वेळ घेतला नाही. "आधी आबा," ती म्हणाली, आणि मग "भाऊ." दोघांना घेऊन चौघी मागे वळल्या. वर येईपर्यंत माझ्या हातातली दोरी घामाने ओली झाली होती.

देवळात आबांचं नाव निवडल्यावर पडद्यावर एक प्रश्न आला. तिने तो दोनदा वाचला. मी काय लिहिलंय विचारलं तर म्हणाली, "विचारतायत, करायचं का." ते अर्धंच होतं. कधी कधी माणूस उठत नाही, राख होतो, असंही तिथे लिहिलेलं होतं. ते मला तिने कितीतरी वर्षांनी सांगितलं.

"तू दाब," ती म्हणाली.

"मी नाही दाबत. तू दाब."

तिने डोळे मिटले आणि दाबलं. एक वाक्य आलं. मी ते वाचलं नाही, तिच्याकडे बघितलं. तिने डोळे उघडले, वाचलं, आणि खुर्चीतच मागे टेकली.

"उठले," ती म्हणाली. "फक्त एक जीव राहिलाय. पण उठले."

चारच्या चहाला काकू उद्याच्या बिबड्यांच्या पिठाने माखलेले हात पुसत बाहेर आल्या. मी चहाकडे बघत होतो.

"आबा बघ तुझे," त्या मला म्हणाल्या. "काल टाके घातलेत आणि आज सकाळीच शेवभाजी मागितली म्हणे. डॉक्टर असे ओरडले! तुझे काका फोनवर हसत होते."

"काल? काल फोन आला होता?"

"संध्याकाळीच आला. सगळं नीट झालं म्हणून. तुला सांगितलं नाही होय मी? अरे, या बाळाच्या नादात… का रे, काय झालं? अगं, हा का रडतोय?"

मी का रडत होतो ते मी काकूंना सांगू शकलो नाही. तीही रडत होती, आणि ती का रडतेय हे तर मला स्वतःलाच कळलं नाही. मला वाटलं, माझं बघून. काकूंनी आमच्या दोघांच्या डोक्यावर पिठाचा हात फिरवला. पुढे मला कितीदा सुचलं, ज्या बाईचे सासरे अत्यवस्थ असतात ती गच्चीवर बिबडे घालत नाही. एवढी साधी गोष्ट. पण ज्याला स्वतःचा गुन्हा दिसत असतो त्याला बिबडे दिसत नाहीत.

दुसऱ्या दिवशी तिने आणखी एक खेप केली आणि मला आणि माझ्या धाकट्याला वर आणलं. त्यानंतर आबांना घरी सोडलं, आणि आम्ही सगळे गावी गेलो.

गावी आबा ओट्यावर बाज टाकून पडलेले असायचे. ते बरे झाले होते, घरात सगळे खूश होते, आणि मला मात्र त्यांच्या डोळ्याला डोळा देता येईना. शेवटी एका दुपारी मी बाजेच्या पायाशी बसलो आणि म्हणालो, "आबा, मी तुम्हाला मारलं होतं."

आबा घरात अहिराणीच बोलायचे.

"कव्हय रे?"

"ऑपरेशनच्या दिवशी. कॉम्प्युटरमध्ये. भुयारात."

"अन् मंग डॉक्टर काय करी ऱ्हायंता?"

मग मी सगळं सांगितलं. नावं, तलवार, दार. त्यांनी मध्येच थांबवलं.

"तुना बाप कोठे व्हता?"

"ते तुमच्या मागे होते. तेही मेले. सगळेच मेले."

"बठ्ठा?"

"बठ्ठा."

आबा हसायला लागले. टाक्यांवर हात दाबून धरून हसत होते. "टाका तुटतीन रे," म्हणायचे आणि पुन्हा हसायचे. मग विचारलं, "माले वर कोनी आनं?"

मी सांगितलं. बायकांनी. आक्काने. आबांनी मान वळवून स्वयंपाकघराकडे हाक दिली, "ओ, आयकं का? माले तू भुयारमाईन उचली आनं म्हने!"

आतून तव्यावरच्या आवाजातून आक्काचं उत्तर आलं, "मंग? आजलगून बाजारमाईन कोन आनस तुमले घर?"

माझ्या छातीवरचं ओझं त्या दुपारी उतरलं. निम्मं उतरलं. कारण मुठीचं मी आबांना सांगितलं नव्हतं. त्या श्रावणात नेहमीसारखी कानबाई बसली. आबा नावं घेत होते, आक्का मुठी टाकत होती. सगळ्यात शेवटी बाळाचं नाव आलं. ती दाराशी बसली होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि हातात कुऱ्हाड असल्यासारखा हात हवेत हलवला. मी मान खाली घातली. ती मला बोल लावतेय असं मी समजलो, आणि पुढे कित्येक वर्षं तसंच समजत राहिलो. ती शिकली, नोकरीला लागली, लग्न होऊन धुळ्याला गेली. लग्न झालेल्या मुलीला तर माहेरचा रोटही चालत नाही. तो फक्त भाऊबंदांनी खायचा. दरवर्षी रोट मोडताना मला माझं वाक्य ऐकू यायचं. तुझीपण नसते. जिने आम्हाला खांद्यावरून वर आणलं तिला मी ते म्हणालो होतो, आणि त्याची कधी माफीही मागितली नव्हती.

आता आबा नाहीत, आक्का नाही, भाऊही नाहीत. गावच्या घरी नावं मी घेतो. गेल्या श्रावणात ती कानबाईच्या दर्शनाला आली होती. तिचा भाऊ, तेच बाळ, आता दाढीत पांढरे केस आलेला, तोही होता. सकाळी देवी नदीला जाऊन आल्यावर आम्ही ओट्यावर बसलो होतो, आणि मी काही न ठरवता तिला म्हणालो, "तुला एकदा सॉरी म्हणायचं राहिलंय."

"कशाबद्दल?"

मी सांगितलं. मुठीचं वाक्य, जसंच्या तसं. ती कपाळाला आठ्या घालून ऐकत होती.

"हे म्हणाला होतास तू? असेल. आठवत नाही मला," ती म्हणाली. "मला बाळाचं चिलखत आठवतं. त्याचा मला इतका राग आला होता, दादा, की…" ती थांबली. "तुला ते दार आठवतं?"

"कुठलं?"

"तिसऱ्या मजल्यावरचं. तू विचारलंस काय लिहिलंय. मी म्हणाले, काही नाही."

"हो."

"त्यावर लिहिलं होतं, आत गेलेला कोणी परत आला नाही. स्पष्ट लिहिलं होतं. मी वाचलं आणि तुला जा म्हणाले."

मी वळून तिच्याकडे तोंड केलं.

"मला वाटलं, होऊ दे यांचं. मूठवाल्यांचं. मला काय माहीत, तू दुसऱ्या दिवशी गच्चीवर बसून आबा गेले म्हणशील! अरे, तू तर नुसतं दार उघडलं होतंस. मी वाचून पाठवलं होतं. तू रडत होतास आणि मला वाटत होतं, आता आपल्याला पोलीस नेतील." ती हसत होती, पण डोळे पुसत होती. "म्हणून तर त्या दिवशी तशी पळत खाली गेले. तुझ्यासाठी नाही, बाबा. माझ्यासाठी."

"आणि ते कुऱ्हाडीचं? कानबाईला?"

"ते मी विचारत होते, सांगितलंस का कोणाला? जीव नुसता टांगणीला लागला होता. तू मान खाली घातलीस. मला वाटलं, सांगितलं यानं सगळं."

मग आम्ही दोघं हसत सुटलो. पन्नाशीला आलेली दोन माणसं, ओट्यावर, जिथे आबांची बाज असायची तिथे. एकाच माणसाचा खून आम्ही दोघांनी इतकी वर्षं वेगवेगळा लपवून ठेवला होता, आणि तो माणूस त्यानंतर शेवभाजी खात चांगला म्हातारा होऊन गेला. मला एकदम हलकं वाटलं. तिला मी विचारलं, पुढच्या वर्षी मूठ टाकू का तुझ्या नावाची? ती म्हणाली, "टाक. पण आक्काची आधी टाक. मंत्र तिचे होते."

तिचा भाऊ इतका वेळ मोबाईल खाली ठेवून ऐकत होता.

"एक मिनिट," तो म्हणाला. "आबांना आणलं, मोठ्या काकांना आणलं, तुम्हा दोघा भावांना आणलं. मी आणि पप्पा?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. सुट्टी संपली होती. पुढच्या पावसाळ्यात फ्लॉपीला बुरशी लागली होती.

"म्हणजे मी अजून खालीच?"

"चिलखत आहे ना अंगात," ती म्हणाली. "बस."